बावीस सिगारेटींवरून व्हेपवर: स्लाऊमधल्या रात्रपाळीचे एक प्रकरण

वय ४४, मूळ गाव नाशिक रोड, गेली बारा वर्षे इंग्लंडमध्ये स्लाऊला. हीथ्रो विमानतळाजवळच्या एका गोदामात रात्रपाळीचे सुपरवायझर. सिगारेट कॉलेजपासूनची, आता दिवसाला २२. झोपेतून उठल्यावर पहिली सिगारेट पाच मिनिटांच्या आत, बहुतेक वेळा चहाचे आधण ठेवून मागच्या दाराशी उभे राहून. हे गृहस्थ कुणी एक माणूस नाहीत. रात्रपाळी, चहा आणि वर्षातून एक भारतवारी असलेल्या मराठी माणसांना सिगारेट सोडायला मदत करताना आम्हाला जे पुन्हा पुन्हा दिसते, ते एकत्र करून हे नमुना-प्रकरण रचले आहे. मात्रा, उपकरणे आणि कायदे यांचे तपशील मात्र प्रत्यक्षातले आहेत.

सिगारेट सोडता न येण्याचे खापर आपल्याकडे इच्छाशक्तीवर फोडले जाते. या प्रकरणात जे जे फसले, त्यातले बहुतेक निकोटीन कमी पडल्यामुळे किंवा चुकीच्या वेळी मिळाल्यामुळे फसले, आणि तेवढेच दुरुस्त केल्यावर सुधारले.

आधीचे दोन प्रयत्न

पहिल्यांदा त्यांनी सगळे एका दिवसात बंद केले. नऊ दिवस टिकले. निकोटीन तुटल्यावर चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणे, सतत काहीतरी खावेसे वाटणे हे सगळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरत जाते. म्हणजे सर्वांत कठीण चढ ते चढून गेले होते. पडले ते नवव्या रात्री, कामावरच्या वादावादीनंतर, ब्रेकमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांच्या घोळक्यात उभे असताना. हाताशी दुसरे काहीच नव्हते.

दुसरा प्रयत्न व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा. दुकानदाराने मोठा ढग सोडणारे ६० वॅटचे उपकरण आणि दर मिलीला ३ मिलिग्रॅम निकोटीनचे दाट लिक्विड दिले. ‘कमी निकोटीन, म्हणजे चांगले’ हे ऐकायला बरोबर वाटते. तसे ३ मिलिग्रॅमचे लिक्विड निरुपयोगी नसते. अशा उपकरणातून थेट छातीत खोल श्वास घेऊन दिवसाला आठ-दहा मिली संपवणाऱ्याला ते पुरते. पण सिगारेट ओढणारा माणूस धूर आधी तोंडात घेतो आणि मग आत ओढतो. त्या सवयीने हे उपकरण ओढले की एकतर ठसका लागतो, नाहीतर भीतीने झुरका लहान घेतला जातो आणि निकोटीन नावापुरते मिळते. चौथ्या दिवसापासून ते व्हेपही ओढत होते आणि १५ सिगारेटीही. महिन्याभरात उपकरण खणात गेले आणि ‘व्हेपने काही होत नाही’ असा निष्कर्ष निघाला.

मात्रेचा हिशेब

व्यसन किती घट्ट आहे हे पाहायला दोन प्रश्न पुरतात: उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट आणि दिवसाला किती. पाच मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, अर्ध्या तासात असेल तर २, तासाभरात असेल तर १. दिवसाला दहापर्यंत ० गुण, ११ ते २० ला १, २१ ते ३० ला २, त्यापुढे ३. या गृहस्थांचे सहापैकी पाच गुण झाले. दोन प्रश्नांत पहिला जास्त बोलका असतो. निकोटीनची रक्तातली पातळी साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे सात तास झोपून उठलेल्या माणसाची टाकी जवळपास रिकामी असते. उठल्या उठल्या जो लायटर शोधतो, त्याला कमी मात्रेवर सुरू करणे म्हणजे त्याला पुन्हा सिगारेटकडे पाठवणे.

एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटीन जाते. २२ सिगारेटींचे झाले २२ ते ३३. ब्रिटनमध्ये व्हेपच्या लिक्विडमध्ये कायद्याने जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम प्रति मिली निकोटीन चालते. पॉडची, म्हणजे लिक्विड भरायच्या छोट्या टाकीची, क्षमता २ मिलीपर्यंत आणि निकोटीन असलेली बाटली १० मिलीपर्यंत. म्हणजे २० च्या लिक्विडचा एक भरलेला पॉड ४० मिलिग्रॅमचा. त्यातले सगळे शरीरात जात नाही, बराच भाग श्वासाबरोबर बाहेर पडतो. म्हणून पहिल्या आठवड्यांत दिवसाला २ ते ३ मिली लागेल असे त्यांना आधीच सांगितले होते. हे सांगणे महत्त्वाचे, कारण पॉड दिवसातून दुसऱ्यांदा भरताना माणूस घाबरतो आणि स्वतःच हात आखडता घेतो.

त्यांच्यासाठी निवडले ते २० मिलिग्रॅमचे निकोटीन सॉल्ट. साधे निकोटीन एवढ्या ताकदीचे असले की घशाला झोंबते. सॉल्टमध्ये आम्ल मिसळल्यामुळे ते सौम्य लागते आणि पुरेसे ओढता येते. लिक्विडमधले ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकोल निम्मे-निम्मे घेतले, कारण लहान कॉइलच्या (लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या) कापसात दाट लिक्विड नीट मुरत नाही.

जास्त झाले तर शरीर लगेच कळवते: मळमळ, उचकी, डोके हलके होणे, डोकेदुखी. तेव्हा उपकरण खाली ठेवून अर्धा तास थांबायचे. कमी पडले तर मात्र ते कळत नाही. ते ‘आज मूडच खराब आहे’ या रूपात येते आणि संध्याकाळपर्यंत पाकीट विकत घेतलेले असते.

उपकरण आणि त्याचे रुसवे

साधा पॉड (अशी टाकी असलेल्या छोट्या उपकरणालाही पॉडच म्हणतात), सुमारे १००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी, ०.८ ते १ ओहमची कॉइल, तोंडात ओढायचा घट्ट झुरका. फोनच्याच चार्जरवर चालणारा. एकदा वापरून टाकायचे व्हेप ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून विकता येत नाहीत, त्यामुळे तो प्रश्न निकालात निघाला होता. काही भागांत सिगारेट सोडण्यासाठी मदत करणाऱ्या स्थानिक सेवा पहिला संच मोफत देतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या सरकारने दहा लाख लोकांपर्यंत असे संच पोचवण्याची योजना जाहीर केली होती. डॉक्टर मात्र व्हेप चिठ्ठीवर लिहून देत नाहीत, तिथे औषध म्हणून परवाना मिळालेले व्हेप बाजारात नाही.

नवी कॉइल बसवल्यावर पॉड भरून दहा मिनिटे तसाच ठेवायचा. कापूस भिजण्याआधी पहिला झुरका घेतला की कापूस जळतो, आणि ती जळकी चव त्या कॉइलमधून पुन्हा जात नाही. कॉइल एक ते दोन आठवडे चालते. गोड चवींचे लिक्विड तिला लवकर काळी करते. या गृहस्थांना आंब्याची चव आवडली, साहजिकच, आणि पाचव्या दिवशी कॉइल गेली. नवी घेण्यापेक्षा त्यांनी तोच पॉड ओढत ठेवला, मग चव घाण लागते म्हणून कमी ओढले, आणि सहाव्या रात्री एक सिगारेट मागून घेतली. वर पाहिले तर हे तलफेचे प्रकरण, खरे कारण तीन पाउंडांची कॉइल. त्यानंतर एक नियम ठरला: कॉइल, लिक्विड आणि एक जास्तीचा स्वस्त पॉड, तिन्ही नेहमी शिल्लक.

त्या जास्तीच्या पॉडचे महत्त्व तिसऱ्या आठवड्यात कळले. पहाटे चार वाजता बॅटरी संपली, चार्जर घरी. त्या वेळी उघडे असते ते पेट्रोल पंपावरचे दुकान, आणि काउंटरमागे सिगारेटी असतातच. दुसरा पॉड लॉकरमध्ये होता म्हणून रात्र निघाली.

झुरक्याचीही सवय बदलावी लागते. सिगारेट जोरात ओढली की जास्त मिळते. व्हेप जोरात ओढला तर लिक्विड तोंडात येते आणि घसा खवखवतो. हलका, तीन-चार सेकंदांचा, सलग झुरका घ्यावा. पहिल्या दिवसांतला ठसका बहुतेकदा याच चुकीचा असतो. तोंड कोरडे पडते, त्याला पाणी.

पहिला दिवस

लागून दोन सुट्ट्या असलेला गुरुवार धरला. आदल्या रात्री झोपण्याआधीची सिगारेट शेवटची. उरलेल्या पाण्यात भिजवून फेकल्या, नुसत्या कचऱ्यात टाकल्या की रात्री दोन वाजता माणूस उकरतो. लायटर, ॲशट्रे, गाडीच्या दारातली थोटके, सगळे बाहेर. पॉड भरून, चार्ज करून उशीजवळ.

उठल्यावर पाच मिनिटांत व्हेपचे दहा झुरके, चहा त्यानंतर. हा क्रम मुद्दाम ठरवला. आधी चहा हातात आला की शरीर ठरलेल्या जोडीदाराची वाट पाहू लागते. व्हेपमधले निकोटीन सिगारेटइतक्या झपाट्याने चढत नाही. सिगारेटचे निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते, त्या धक्क्याची बरोबरी व्हेपने होत नाही. म्हणून तलफ आल्यावर ओढण्यापेक्षा ती येणार हे माहीत असलेल्या वेळेच्या पाच-दहा मिनिटे आधी ओढलेले उपयोगी पडते. शिफ्टला निघण्याआधी, ब्रेकआधी, जेवण संपता संपता. पहिले दोन आठवडे किती झुरके याची मोजणी करायची नाही, असेही सांगितले होते. कमी करणे हा नंतरचा विषय. दोन्ही गोष्टी एकदम करायला गेले की आधी सिगारेट परत येते.

सुरुवातीला श्वासातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला विषारी वायू, २४ पीपीएम (दहा लाख भागांत २४) होता. पाचव्या दिवशी ४. दहाच्या खाली असला तर सहसा सिगारेट बंद आहे असे धरतात. व्हेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे त्यातून हा वायू म्हणण्यासारखा येत नाही. हा आकडा माणसाला दाखवावा. छातीत फरक जाणवायला आठवडे लागतात, हा फरक तिथल्या तिथे दिसतो.

दोन तऱ्हेच्या तलफा

एक तलफ निकोटीन उतरल्याची. ती हळूहळू चढते, अस्वस्थपणा, जांभया, दुसऱ्यावर खेकसणे अशी येते. तिच्यावर उपाय एकच: वेळेवर पुरेशी मात्रा. दीर्घ श्वास घेऊन ती जात नाही, कितीही घेतले तरी.

दुसरी तलफ प्रसंगाची. रक्तात निकोटीन भरपूर असतानाही येते, एकदम येते, आणि काही मिनिटांत उतरते. या गृहस्थांच्या अशा जागा लिहून काढल्या तेव्हा पाचच निघाल्या: उठल्यावरचा चहा, रात्री दोनचा ब्रेक, शिफ्ट संपल्यावर गाडीत बसणे, नाशिकला आईशी फोनवर बोलताना घराबाहेर फेऱ्या मारणे, आणि शनिवारची बिअर. बावीस सिगारेटींचा डोंगर वाटत होता तो पाच जागांवर आला.

या जागांवर उपाय वेगवेगळे. ब्रेकमध्ये मुख्य अडचण जागेची होती. गोदामात व्हेप ओढायलाही धूम्रपानाच्या शेडमध्येच जावे लागे. तिथे सगळे सिगारेट ओढत असताना आपण व्हेप ओढायचा, हे पहिल्या महिन्यात कुणालाही जड जाते. त्यांनी ब्रेक पंधरा मिनिटे पुढे घेतला. शेड रिकामी असे. फोन घरातल्या खुर्चीत बसून घ्यायला लागले. बिअर पहिले सहा आठवडे बंद. दारूत फक्त निश्चय सैल होत नाही, दारू आणि सिगारेट ही जोडी मेंदूत वर्षानुवर्षे शिवलेली असते.

आणि उरलेली जागा, गाडी.

ती एक सिगारेट

दुसऱ्या महिन्यात समजले की शिफ्टनंतर गाडीत रोज एक सिगारेट चालू आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या तपासणीत ती पकडली गेली नव्हती. हा वायू रक्तातून साधारण पाच तासांत निम्मा होतो. सकाळी सातची एक सिगारेट दुपारी चारच्या तपासणीत दिसणारच नाही. यंत्रावर विसंबू नये, विचारावे. आणि विचारताना ‘एखादी ओढता का?’ असे न विचारता ‘शेवटची कधी ओढली?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला माणूस ‘नाही’ म्हणतो, दुसऱ्याला खरे उत्तर देतो.

त्यांचे म्हणणे असे: बावीसवरून एकवर आलो, म्हणजे ९५ टक्के काम झाले. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत कमी ओढण्याला काही अर्थ असतो. हृदयाच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसले की दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा भाग नाही, निम्मा. शिवाय ती एक सिगारेट जुना रस्ता उघडा ठेवते. वाईट आठवडा आला की एकाच्या पाच व्हायला दोन दिवस पुरतात.

उपाय साधा होता आणि दुसऱ्या प्रयत्नात लागू पडला. लॉकर रूममधून निघण्याआधीच आठ-दहा झुरके, म्हणजे गाडीपर्यंत पोचेतो निकोटीन चढलेले. गाडीत बसल्यावर लगेच इंजिन सुरू, जुने काम करायला वेळच नाही. गाडी आतून धुऊन घेतली, सीटच्या कापडातला वास गेल्याशिवाय हे जमले नसते. पहिल्या वेळी हेच सगळे करूनही फसले होते, कारण पाकीट गाडीच्या कप्प्यात ‘फक्त असू दे’ म्हणून ठेवले होते.

चहा, आणि इतर काही गोष्टी ज्या तलफ नसतात

दुसऱ्या आठवड्यात तक्रार आली: हात थरथरतात, छाती धडधडते, दिवसा झोप लागत नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की व्हेपचे निकोटीन जास्त होतेय आणि स्वतःच २० वरून १० वर गेले. दोन दिवसांत तलफ दुप्पट. थरथर तशीच.

कारण चहा-कॉफीत होते. सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृतातल्या एका विकराला (एन्झाइमला) चेतवतात, आणि तोच विकर कॅफीनचा निचरा करतो. हे काम धुराचे, निकोटीनचे नव्हे. धूर बंद झाला की काही दिवसांत निचरा मंदावतो आणि तेवढ्याच कपांत रक्तातले कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकते. रात्रपाळीत चार कप चहा आणि दोन कॉफी घेणाऱ्याला हे जाणवणारच. कप निम्मे केले, शेवटचा कप पहाटे तीनच्या आत. लिक्विड पुन्हा २० वर. तीन दिवसांत थरथर थांबली.

याच विकरामुळे काही औषधांचीही पातळी चढते: क्लोझापिन, ओलान्झापिन, थिओफायलिन. इन्सुलिन आणि वॉरफरिन घेणाऱ्यांनाही सिगारेट सोडताना मात्रा तपासावी लागते. अशी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना तारीख आधी कळवायची, नंतर नाही.

सिगारेट सोडल्यावर तोंड येणे, बद्धकोष्ठ, पहिल्या दिवसांत खोकला वाढणे हेही होते. त्याचा दोष व्हेपला देऊन बरेच जण परत सिगारेटकडे जातात. वजन वाढते, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. त्यांचे साडेतीन वाढले. त्याचा बंदोबस्त सिगारेट पक्की सुटल्यावर करावा.

घरून आलेला प्रश्न वेगळा होता. आईच्या व्हॉट्सॲपवर व्हेपने फुप्फुसे निकामी झाल्याची चित्रफीत फिरत होती. ती साथ २०१९ मधली, अमेरिकेतली. मुख्यतः टीएचसीच्या, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याच्या, काळ्या बाजारातल्या लिक्विडमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी तिचा संबंध निघाला. नियमाप्रमाणे विकलेल्या निकोटीन लिक्विडशी नाही. याचा अर्थ व्हेप निरुपद्रवी आहे असा नव्हे. वर्षानुवर्षे ओढण्याचे परिणाम काढायला अजून तेवढी वर्षे झालेली नाहीत, आणि जो सिगारेट ओढत नाही त्याने व्हेपला हात लावण्याचे काहीही कारण नाही. इथे तुलना दिवसाच्या बावीस सिगारेटींशी आहे.

तीन आठवडे नाशिकला

चौथ्या महिन्यात भाचीचे लग्न. तोवर ते १० मिलिग्रॅमच्या लिक्विडवर, दिवसाला साधारण ३ मिली, सिगारेट पूर्ण बंद. अनेकांचे इथपर्यंतचे काम चांगले होते आणि विमानतळावर मोडते, कारण या प्रवासाचा विचारच केलेला नसतो.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि नंतर त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. आयात किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘स्वतःपुरते नेले तर कोण विचारतो’ हा सल्ला देणारे मित्र भरपूर असतात. आमचा सल्ला सरळ: उपकरण स्लाऊला खणात. बेकायदा माल शोधत फिरणे तर आणखी वाईट, त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

मग निकोटीन पॅच आणि च्युइंगगममधून. निघण्याच्या एक आठवडा आधी घरीच रंगीत तालीम केली: २४ तासांचा १४ मिलिग्रॅमचा पॅच, उठल्यावर लावायचा, रोज वेगळ्या जागी, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर, आणि वर २ मिलिग्रॅमची गम. तालमीत दोन गोष्टी निघाल्या. पॅच झोपेत ठेवला की विचित्र स्वप्ने पडत, म्हणून झोपताना काढायचा. आणि गम ते साध्या च्युइंगगमसारखी चघळत, त्यामुळे उचकी लागे, जळजळ होई आणि तलफ तशीच राही. गिळलेले निकोटीन पोटात वाया जाते. गम हळू चावायची, तिखटसर झणका जाणवला की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, झणका ओसरला की पुन्हा दोन-चार वेळा चावायची, असे अर्धा तास. आधी पंधरा मिनिटे चहा, कॉफी, सरबत नाही, कारण तोंड आम्लधर्मी झाले की निकोटीन गालातून शोषले जात नाही. गम आणि चहा एकदम घेणारा मराठी माणूस हमखास म्हणतो की गम कुचकामी आहे.

दोन्ही मूळ पाकिटांत बरोबर घेतली. २ मिलिग्रॅमची गम नाशिकच्या कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळते. पॅच प्रत्येक दुकानात असेलच असे नाही.

नऊ तासांचे विमान पॅचवर सहज गेले. कसाऱ्याच्या घाटाआधीचा चहाही. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्ट्या सिगारेटीच्या विक्रीला मनाई आहे, तरी टपरीवर हात पुढे केला की एक मिळते, आणि स्लाऊत पाकिटाला १५-१६ पाउंड मोजणाऱ्याला ती फुकटच वाटते. दुसरा मोह मळलेल्या तंबाखूचा. ‘धूर नाही ना यात’ म्हणून मामेभावाने डबी पुढे केली. तंबाखू-चुन्यातही निकोटीन भरपूर असते आणि तोंडाच्या कर्करोगाचा थेट धोका असतो. पॅचच्या जागी ती घेणे म्हणजे एका खड्ड्यातून उठून दुसऱ्यात बसणे.

घसरले ते हळदीच्या रात्री. दोन पेग, अंगात झब्बा, गमचे पाकीट वरच्या खोलीतल्या पँटच्या खिशात. शाळेतला मित्र म्हणाला, “अरे, तू एवढ्या लांबून आलायस, एकानं काय होतंय?” दोन ओढल्या. मग आता सिगारेट ओढलीच आहे तर पॅच धोक्याचा, असे समजून पॅच काढून फेकला. खरी चूक ही दुसरी होती. दोन सिगारेटींनी पॅचवरच्या माणसाला फार तर मळमळते. पॅच काढल्याने मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी झाली आणि लग्नाच्या धावपळीत आणखी चार सिगारेटी गेल्या. फोनवर हे कळल्यावर सूचना एवढीच: नवा पॅच आत्ता लावा, गम झब्ब्याच्या खिशात, पुढच्या दोन समारंभांत दारू नाही. हळदीनंतरच्या तिसऱ्या दिवसापासून पुन्हा शून्य. चुकून ओढलेली सिगारेट आणि परत लागलेली सवय यांच्यामध्ये थोडाच वेळ असतो. त्या वेळात माणसाला बोल लावण्यापेक्षा निकोटीन द्यावे.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला व्हेपचा मार्ग कायद्याने बंदच आहे. त्याच्यासाठी गम, पॅच, डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हॅरेनिक्लिन किंवा बुप्रोपिऑन, आणि १८००-११२-३५६ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा. वर लिहिलेले मात्रेचे, वेळेचे आणि पाच जागांचे गणित तिथेही जसेच्या तसे लागू पडते.

परतल्यावर

तीन आठवडे व्हेपशिवाय गेले, मग आता व्हेप पुन्हा कशाला? त्यांचे घरचे याच मताचे होते. आम्ही नव्हतो. पॅच-गमवर टिकले ते सुट्टीत, दिवसाच्या झोपेच्या वेळा आणि गोदाम नसताना. रात्रपाळी सुरू झाल्यावर तीच पाच ठिकाणे परत समोर येणार होती. पॉड १० मिलिग्रॅमवर पुन्हा सुरू केला, फक्त शिफ्टपुरता. घरी गम.

२०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ८८६ जणांवरच्या चाचणीत वर्षभरानंतर व्हेपच्या गटातले १८ टक्के आणि पॅच-गमसारखी औषधे घेणाऱ्या गटातले ९.९ टक्के सिगारेटमुक्त होते. त्याच चाचणीचा दुसरा आकडा लोक सांगत नाहीत: व्हेपने सुटलेल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते, दुसऱ्या गटात औषध चालू असलेले ९ टक्के. म्हणजे व्हेपवरून उतरणे हे आपोआप होत नाही, त्याची वेगळी आखणी लागते.

इथली आखणी अशी. आधी अंतर वाढवायचे, ताकद नंतर. सिगारेट संपते, व्हेप संपत नाही, त्यामुळे हात सतत तोंडाकडे जातो. पहिला नियम घरात ओढायचे नाही, दुसरा गाडीत नाही, तिसरा दोन वेळांत किमान एक तास. एकेका नियमाला दोन-तीन आठवडे. मग १० वरून ५. ताकद घटवल्यावर रोजचे लिक्विड ३ मिलीवरून ५-६ मिली झाले तर काहीच घटलेले नाही, शरीराने झुरके वाढवून भरपाई केली आहे. अशा वेळी महिनाभर मागच्या पायरीवर जायचे. बाटली कोणत्या तारखेला उघडली हे तिच्यावरच लिहून ठेवले की हे लगेच दिसते. ऑक्टोबर २०२६ पासून ब्रिटनमध्ये दर १० मिली लिक्विडवर २.२० पाउंड कर येणार असल्याने हा हिशेब खिशालाही कळेल.

सध्या ते आठव्या महिन्यात आहेत. ५ मिलिग्रॅम, दिवसाला अडीच मिली, फक्त कामावर. उठल्यावर पहिला अर्धा तास काहीही न घेता जातो. शून्यावर जाण्याची तारीख ठरवलेली नाही आणि हिवाळ्यातली गोदामाची गर्दी संपेपर्यंत ठरवणारही नाही. उठल्या उठल्या सिगारेट आठवू लागली किंवा शेडमधल्या धुराचा वास चांगला वाटू लागला, तर त्याच दिवशी १० वर परत जायचे, परवानगी न विचारता. १० च्या दोन बंद बाटल्या त्यासाठी लॉकरमध्ये ठेवल्या आहेत.